सगळ्यांना पोटाचा म्हणून सांगितला

माझा कॅन्सर शौचाच्या जागेचा होता. गुदद्वाराचा. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, नाहीतर मीसुद्धा पानभर पोट, आतडं, खालचा भाग असं करत बसेन. मग ज्याला खरंच कळायला हवं तो वाचून म्हणेल, बाईला पोटाचं काहीतरी झालं होतं वाटतं. आमच्या घरात असं एकदा झालेलं आहे आणि तेच सांगायचं आहे.

मी कोनला राहते. कल्याण-भिवंडी रस्त्याला लागूनच घर, आणि घरापुढं आमच्या मिस्टरांचं, सुदामचं, रेती-सिमेंटचं दुकान. आम्हाला मूलबाळ नाही. माहेर शेलारचं. आजारी पडेपर्यंत मी एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला होते. कुठला माल कुठल्या गाडीत गेला ते कॉम्प्युटरवर चढवायचं आणि ड्रायव्हर लोकांशी हिंदीत भांडायचं, हे माझं काम. माझ्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं ज्या बाईबद्दल वाचाल ती अगदी मठ्ठ वाटेल, आणि ती पण मीच आहे.

जुनं दुखणं

क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार मला लग्नाआधीपासून आहे. आतडं आतून सुजतं, जखमा होतात, जुलाब, रक्त, ताप. औषधं लागू पडली की महिनोन्महिने बरं असतं, मग एक दिवस पुन्हा ये रे माझ्या मागल्या. माझं त्यातलं वाईट म्हणजे मला भगंदर झालं होतं. आतून बाहेरच्या कातडीपर्यंत एक वाट पडते आणि तिच्यातून पू येत राहतो. दोनदा ऑपरेशन झालं, एकदा पू वाहता राहावा म्हणून त्या वाटेत दोरा घालून ठेवला होता. पॅड लावायचं, काळी सलवार घालायची, कुणाच्या घरी गेलं तर गादीवर बसायचं नाही. इतकी वर्षं हेच चाललं होतं, की मी त्याला दुखणं म्हणायचंही सोडून दिलं होतं.

माझा धाकटा भाऊ जितू, त्यालाही क्रोन्स. डॉक्टर म्हणतात, एकाच घरात असा निघतो कधी कधी. जितू शेलारला राहतो, त्याचा स्वतःचा टेम्पो आहे, लूमवरून कापडाचे तागे उचलून पोचवतो. त्याला पण भगंदर. आम्ही दोघं फोनवर एकमेकांना गोळ्या विचारायचो, काय खाल्लं की त्रास होतो ते सांगायचो. खालचं मात्र कधी बोललो नाही. बहीण-भाऊ काय बोलणार त्याबद्दल.

गरम पाणी

मग कधीतरी शिमग्याच्या सुमारास नवीन दुखायला लागलं. नवीन हे मी आता म्हणते. तेव्हा वाटलं, जुनंच जरा जास्त झालंय. खुर्चीवर सरळ बसवेना, एका अंगावर रेलून बसायचे. हात लावला तर कडेला काहीतरी टणक लागायचं. रक्त पूर्वीही जायचं, आता रोज जायला लागलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "आठ-दहा दिवस गरम पाण्यात बसा. उतार पडला नाही तर परत या, मग नीट तपासावं लागेल." त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. आम्ही पहिली तेवढी लक्षात ठेवली.

मी बाथरूममध्ये प्लास्टिकच्या टबात बसलेली. सुदाम बाहेरून म्हणाला, "अगं, तासाभरावर देवाचं गरम पाणी हाय आणि तू टबात काय बसतेस?" आमच्याकडं हे कुणालाही सुचलं असतं. खरूज झाली, गुडघे धरले, कंबर गेली, की गणेशपुरीची कुंडं. माझी आई जायची, सासू जायची. डॉक्टरनंच गरम पाणी सांगितलंय म्हटल्यावर तर सोन्याहून पिवळं. दर रविवारी सकाळी आम्ही स्कूटरवरून गणेशपुरीला जायला लागलो. जाताना मी एका बाजूला सीटवर टेकायचे, येताना सरळ बसून यायचे. खरंच उतार पडायचा. संध्याकाळपर्यंत तरी पडायचा.

बरं वाटायचं, तीच अडचण झाली. आठवडाभर दुखलं की म्हणायचं, रविवार येतोयच. असं करत गणपती आले. पाण्याला मी दोष देत नाही, पाण्यानं त्याचं काम केलं. डॉक्टरांकडे परत जायचं होतं ते काम आमचं होतं.

एका रविवारी मी कुंडातून उठले तर पायरीवर रक्त. माझ्याशेजारच्या दोघी बायका काही न बोलता पलीकडे सरकल्या. मी मगानं पाणी ओतून पायरी धुतली. लाज वाटायला हवी होती, पण मला फक्त एवढंच कळत होतं की पायरी स्वच्छ झाली पाहिजे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बोटानं तपासलं, हात धुतले आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली.

निदान

मुंबईत भूल देऊन तपासलं, तुकडा काढला. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरीनबाई होत्या, तिशीच्या असतील. त्यांनी खुर्ची जवळ ओढली तेव्हाच सुदामला कळलं, मला नाही कळलं.

त्या म्हणाल्या, "तुमचा आजार त्या जागी खूप वर्षं धुमसत होता. अशा जागी क्वचित कधी कॅन्सर होतो. थोड्याच लोकांना होतो, पण झाला की लवकर ध्यानात येत नाही. दुखणं, पू, रक्त, सगळं जुन्या आजारासारखंच असतं ना. पेशंटला वाटतं जुनंच आहे. कधी कधी डॉक्टरलाही तसंच वाटतं."

मी मान हलवली आणि विचारलं, "मग या रविवारी गणेशपुरीला गेलं तर चालेल का?"

त्यांनी सुदामकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नका जाऊ," त्या म्हणाल्या.

"बरं," मी म्हटलं.

बाहेर येऊन सुदाम लिफ्टजवळच्या भिंतीला टेकून रडायला लागला. त्याची कॉलर एका बाजूनं आत दुमडली होती, ती मी सरळ केली. मला आठवतंय मी काय विचार करत होते: आता जेवायचं कुठं? बस्स, एवढाच. लोक लिहितात की पायाखालची जमीन सरकली. माझी काही सरकली नाही. जमीन होती तिथंच होती आणि मी तिच्यावर उभी होते. पुढं वर्षभर मी तशीच होते. ज्यांना निदानानंतर रडू येत नाही, त्यांनी आपल्यात काही खोट आहे असं समजू नये, एवढंच सांगते.

फोन

बातमी फुटली आणि फोन सुरू झाले. कशाचा कॅन्सर, कुठं आहे, कसा कळला. सुदाम पहिल्या फोनला अडखळला. दुसऱ्याला म्हणाला, "पोटात गाठ हाय." तिसऱ्यापासून ते ठरूनच गेलं. आमच्यात बाईच्या पोटाला गाठ झाली म्हटलं की लोक समजून घेतात, दोन नारळ जास्त फोडतात. तिथली गाठ म्हटलं असतं तर काय काय बोलले असते, देव जाणे. सुदामला माझी अब्रू राखायची होती. मला काहीच वाटत नव्हतं. तो गुडघ्याचा कॅन्सर म्हणाला असता तरी मी हो म्हटलं असतं.

जितूलाही त्यानं पोटाचंच सांगितलं. जितू शेलारहून धावत आला, बाहेरच्या खोलीत उभ्या उभ्या चहा प्यायला आणि मला म्हणाला, "ताई, तू घाबरू नको. पोटाचं आता बरं होतंय." त्यानं मला सगळ्या तपासण्यांना सोबत येऊ का विचारलं. मी म्हटलं, नको, तुझं भाडं बुडेल. खरं सांगायचं तेव्हाच सांगता आलं असतं. माझ्या डोक्यातही आलं नाही.

शेक

आधी किरणं आणि बरोबर केमो, मग ऑपरेशन, असं ठरलं. रोज भिवंडीहून ये-जा जमणारी नव्हती, म्हणून हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत राहिलो. किरणांना तिथं पेशंट लोक शेक म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुदाम माझ्याकडे बघून पटकन दुसरीकडे बघायला लागला, त्याला गणेशपुरीचं पाणी आठवलं असणार.

रोजचं एकच. पाणी पिऊन बसायचं, लघवी दाबून धरायची, नाव पुकारलं की आत जायचं, सलवार खाली करून पालथं झोपायचं. टेक्निशियन पोरं-पोरी असायची, कधी ही, कधी तो. पहिल्या दिवशी मी डोळे मिटले. नंतर नंतर मी टेबलाच्या कडेकडे बघत पडून राहायचे. हळूहळू कातडी भाजल्यासारखी झाली. शौचाला जायचं म्हटलं की सुदाम दाराबाहेर उभा राहायचा आणि मी आत दातांत ओढणी धरायचे. आतडं आधीच आजारी, त्यामुळं जुलाब पण जोरात. दोनदा मध्ये थांबवावं लागलं.

रांगेत शकीला भेटली. भिवंडीचीच, शांतीनगरची. तिचा नवरा लूमवर, आजार तिचा गर्भपिशवीच्या तोंडाचा. पहिल्याच दिवशी मला उभी बघून तिनं विचारलं, "बैठती क्यों नहीं?" मी म्हटलं, "ऐसे ही." तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. दोन दिवसांनी तिनं एक गोल उशी आणून दिली, मध्ये भोक असलेली. लूमवरचा टाकाऊ धागा ठासून घरीच शिवली होती. "इसपे बैठो, हमारा आदमी भी मशीन से गिरा था तब इसी पे बैठता था." मी बसले. कितीतरी दिवसांनी जेवताना बसले. तिच्याशी मी नीट बोललेही नाही, त्या काळात कुणाशीच बोलत नव्हते. तिचा शेक माझ्याआधी संपला आणि ती गेली.

पिशवी

हिवाळ्यात ऑपरेशन झालं. गुदद्वार आणि वरचा थोडा भाग काढून टाकला, ती जागा कायमची शिवून टाकली. आता शौच पोटाच्या डाव्या बाजूनं बाहेर येते आणि पिशवीत जमते. हे जन्मभराचं आहे. आधी समजावून सांगितलं होतं, सही पण मीच केली होती.

पिशवी बदलायला सुदाम आधी शिकला, मी नंतर. नर्स दाखवत होती तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते, तो मात्र शाळेतल्या पोरासारखा पुढं वाकून बघत होता. घरी आल्यावर तोच करायचा. पहिल्या महिन्यात एकदा दुकानात गिऱ्हाईक उभं असताना पिशवी फुटली. तो गिऱ्हाईकाला तसंच सोडून आत आला, मला धुतलं, गाऊन बदलला आणि पुन्हा जाऊन सिमेंटच्या गोण्या गाडीत चढवून दिल्या. रात्री जेवताना म्हणाला, "तू ओरड तरी माझ्यावर. पयली कशी ओरडायचीस."

"कशाबद्दल ओरडू?"

"कशाबद्दल पण ओरड." मग ताट सारून उठला. त्या दिवसांत आमचं भांडण म्हणजे एवढंच. त्याला बायको हवी होती आणि घरात कुणीच नव्हतं. मला हे दिसत होतं, पण त्याच्यासाठी काही करावं असं मनात येत नव्हतं.

पिशवीबद्दल लोकांना भीती असते म्हणून लिहिते. वास येत नाही, नीट लावली तर. आवाज येतो, तो कधी येईल ते आपल्या हातात नाही. साडी नेसता येते. मसाल्याची मच्छी मी आता खाते. पहिलं वर्ष वाईट आहे, पण निभतं.

भाऊबीज

आदल्या वर्षीची भाऊबीज धर्मशाळेत गेली होती. म्हणून या वर्षी जितू, त्याची बायको रंजना आणि त्यांची दोन पोरं सकाळीच आली. सुदामनं रांगोळी काढली, वाकडीतिकडी. मी पाट मांडला, तबक घेतलं.

जितू पाटावर बसला. आधी डावा हात जमिनीवर टेकला, मग उजव्या मांडीवर भार देऊन हळूच खाली गेला, आणि तसाच राहिला, एका अंगावर, हात जमिनीवरून न उचलता. चेहरा हसरा ठेवलेला. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. ओवाळताना त्याला नीट बघितलं. गाल बसले होते.

"कधीपासून दुखतंय?" मी विचारलं.

"काय?"

"बसता येत नाही तुला."

"ते व्हय. जुनंच हाय गं. गाडीवर बसून बसून वाढलंय." त्यानं खिशात हात घातला. "ओवाळणी काय पायजे ते बोल."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"ताई, तू स्वतःचं बघ. तुझं पोटाचं हाय, माझं काय पोटाचं न्हाय. पोट माझं मस्त हाय आता."

माझ्या हातात तबक होतं. निरांजन चालू होतं. मी म्हटलं, "माझं पोटाचं नव्हतंच. माझं शौचाच्या जागेला होतं, भगंदराच्याच वाटेत. मी पण तू बसलास तशीच बसायचे. मी पण जुनंच म्हणत होते."

"अगं, पोरं बसलीत," सुदाम म्हणाला.

"बसू दे. जितू, तुला तपासून घ्यायला पाहिजे. मला तीच ओवाळणी दे."

जितूचे कान लाल झाले. तो पाटावरून उठला, उठतानाही त्याला दुखलं. "भाऊबीजेच्या दिवशी, पोरांसमोर, हे बोलायचं असतं का?" एवढं म्हणून तो चपला घालून बाहेर टेम्पोत जाऊन बसला. जेवायला आलाच नाही.

रंजना माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. दार लोटून घेतलं. "वन्सं, खरं तिथलंच?"

मी पदर बाजूला करून तिला पिशवी दाखवली. ती बघत राहिली. मग ओट्याला धरून हळू आवाजात म्हणाली, "त्यांचे कपडे मीच धुते. गणपतीपासून रक्त असतंय. मला म्हणाले, मूळव्याध हाय, कुणाला बोलू नको. मी पण म्हटलं, वन्संचं येवढं मोठं चाललंय, त्यात हे कुठं सांगायचं."

 मी तिला पुरणपोळ्या बांधून दिल्या.

रिपोर्ट

दहा-बारा दिवस जितूचा फोन नाही. मी रोज करायचे, तो कापायचा. मी काळजी करत होते असं म्हणता येणार नाही. नेमानं गोळी घ्यावी तसा फोन करत होते. मग एका दुपारी त्याचाच आला. मागं टेम्पोचं इंजिन चालू होतं.

"ताई, तिथं काय घालून यायचं?"

"सैल पॅन्ट घाल," मी म्हटलं. "सकाळी काही खाऊ नको. मी येते बरोबर."

त्याच हॉस्पिटलात, त्याच डॉक्टरीनबाई. त्यालाही भूल देऊन तपासलं, तुकडे काढले. रिपोर्ट यायला वेळ लागला तेवढ्यात रंजनानं उपास धरले आणि सुदाम दोनदा शेलारला जाऊन आला. त्यातल्या पहिल्या खेपेला त्यानं जितूला सांगितलं, "माझी चूक झाली, मी सगळ्यांना पोटाचं बोललो." जितू काय म्हणाला ते सुदामनं मला सांगितलं नाही.

रिपोर्टच्या दिवशी जितू आणि मी, दोघंच आत होतो. डॉक्टरीनबाई म्हणाल्या, कॅन्सर नाही. जुनीच सूज आहे, पू साठला होता, तो काढून वाटेत दोरा घातलाय. पण आता दुर्लक्ष करायचं नाही. दरवर्षी यायचं, आणि दुखण्याची तऱ्हा बदलली, काही टणक लागलं, रक्त वाढलं, तर वर्षाची वाट बघायची नाही. जितूनं हात जोडले. मी उठून बाहेर आले.

कॅन्टीनमध्ये भात-आमटी घेतली. जितू रंजनाशी फोनवर बोलला, पोरांशी बोलला, आणि मग जेवायला लागला. मला घास जाईना.  वर्षभरात पहिल्यांदा मला काहीतरी वाटत होतं, आणि ते काय आहे हे कळलं तेव्हा मी चमचा खाली ठेवला.

"जितू, मला तुझा राग आलाय," मी म्हटलं. "रिपोर्ट चांगला आला म्हणून. तुला सोडलं आणि मलाच का धरलं, असं वाटलं. आता पण वाटतंय."

तो थांबला. आमटीत बोटं तशीच. "माझं ऐकशील?" तो म्हणाला. "बाई 'कॅन्सर न्हाय' बोलल्या ना, तवा माझ्या मनात पयलं काय आलं माहीत हाय? बरं झालं, ताईला झालंय. एका घरात दोघांना कशाला होईल. असं आलं. मी तुझा भाऊ आणि हे आलं मनात."

मी त्याच्याकडे बघितलं. एवढा राग आला की त्याच्या तोंडात मारावी. आणि मग रडायलाच लागले, कॅन्टीनमध्ये, भर दुपारी, तोंडावर पदर न घेता. ऑपरेशनचं, शेकाचं, सुदामचं, सगळं एकदम. पलीकडच्या टेबलावरची माणसं बघत होती. जितू पण रडत होता आणि उष्ट्या हातानं मला पाणी पुढं करत होता.

बऱ्याच वेळानं मी तोंड धुऊन आले. आमटी गार झाली होती. आम्ही ती तशीच खाल्ली.

"पुढच्या वर्षी परत यायचंय तुला," मी म्हटलं. "टाळायचं नाही."

"न्हाय टाळत. तू येशील ना बरोबर?"

विचारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं आपण काय विचारलं ते. माझी स्वतःची तपासणी पुढच्या महिन्यात होती. पुन्हा आलंय की नाही ते त्यात कळणार होतं, आणि हे त्याला माहीत होतं. 

"येईन," मी म्हटलं. आणि मला भीती वाटली.